तुमचं विचारणं, आमचं सांगणं: फ्रीज, पाऊस आणि आजोबांच्या कॅसेट

ताई, आम्ही निपाणीचे. दसऱ्याला कोल्हापुरातून फ्रीज घेतला, ऑफर चांगली होती म्हणून. आता उन्हाळ्याच्या तोंडावर कूलिंगच बंद. कंपनीच्या नंबरवर म्हणतात तुमचा पिनकोड कर्नाटकातला, बेळगावच्या सेंटरला विचारा. बेळगाववाले म्हणतात बिल महाराष्ट्रातलं आहे, दुकानदाराकडं जावा. दुकानदार म्हणतो आमचं काम विकायचं, रिपेरी कंपनी बघती. रोज दूध नासतंय. कुणाचं ऐकायचं सांगा की. (एक गृहिणी, निपाणी)

तिघांपैकी कुणाचंच ऐकू नका वहिनी. वॉरंटी कंपनीनं दिलेली असते, तिच्यावर सही शिक्का असतो, आणि तुम्ही कुठं राहता त्यावरून ती संपत नाही. आधी वॉरंटी कार्ड काढून नीट वाचा, अमुक राज्यातच चालेल असं त्यात कुठं लिहिलेलं नसेल तर बेळगावच्या सेंटरनं बिल कुठलं ते बघून तुम्हाला परत पाठवायचं काही कारणच नाही. निपाणी चिकोडीची माणसं लग्नाचा बस्तासुद्धा कोल्हापुरात जाऊन बांधतात, हे काय कंपन्यांना माहीत नाही होय?

आता फोन करत बसू नका, फोनवरचं बोलणं हवेत जातं. कंपनीला ईमेल करा, घरात कुणी कॉलेजला जाणारं पोर असेल तर त्याला बसवा. त्यात बिलाचा फोटो, फ्रीजच्या मागच्या स्टिकरवरचा सिरीयल नंबर, आतापर्यंत कुठल्या तारखेला कुणाला फोन केला आणि त्यांनी काय सांगितलं, मेसेजवर आलेला तक्रार नंबर, सगळं घाला आणि शेवटी लिहा की पंधरा दिवसांत दुरुस्त करून द्या नाहीतर मी ग्राहक आयोगाकडं जाणार. तोवर गल्लीतल्या मेकॅनिकला फ्रीज उघडू देऊ नका, कितीही ओळखीचा असला तरी, कारण मग कंपनीला आयतं कारण मिळतं की बाहेरच्यानं हात लावला.

तरीही कुणी हललं नाही तर १९१५ ला फोन लावा, ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन, मराठीतून बोलता येतं, ते तक्रार नोंदवून कंपनीकडं पाठवतात आणि पुष्कळदा तेवढ्यावरच काम होतं. त्यांना कंपनीला दंड करायचा अधिकार नाही, तो आयोगाला आहे. आणि इथं मला सगळ्या वाचकांना एक गोष्ट कळकळीनं सांगायची आहे. सीमाभागातलं माणूस फार लवकर माघार घेतं, बेळगावात आपलं कोण ऐकणार आणि कोल्हापुरात तरी कोण ऐकणार असं म्हणून नुकसान सोसून गप्प बसतं. पूर्वीच्या कायद्यात दुकान जिथं तिथंच बहुतेक खेटे घालावे लागायचे, पण २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला आणि त्यात ग्राहक जिथं राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. म्हणजे बिल कोल्हापूरचं असलं तरी तुमची तक्रार बेळगावच्या आयोगात चालते. पाच लाखापर्यंतच्या वस्तूला फी नाही, वकील लावायचाच अशी सक्ती नाही, तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं मुदत आहे, ऑनलाईनही दाखल करता येते. वेळ लागतो हे खरं, कायद्यात तीन महिन्यांचं म्हटलंय पण त्यापेक्षा जास्त लागतो. तरी करा. फ्रीज काय रोज घेतो का आपण?

कस्टमर केअरला फोन लावला की कन्नडला एक दाबा, हिंदीला दोन दाबा, इंग्लिशला तीन. आमच्या आईला फक्त मराठी येतं, तिनं काय करायचं? (एक वाचक, शहापूर, बेळगाव)

मोबाईल नंबर कर्नाटक सर्कलचा असला की मेनू तसाच येतो. माणूस लाईनवर आला की पहिल्याच वाक्याला 'मराठी बोलणारं कुणी द्या' असं सांगायचं, दर वेळी मिळेल असं नाही पण मागत राहायला पाहिजे. आईंना एक मात्र पक्कं सांगून ठेवा, उलट बाजूनं कुणी आपणहून फोन करून छान मराठीत 'काकू' म्हणून बोलायला लागलं आणि ओटीपी मागितला की फोन ठेवायचा. आपली भाषा ऐकली की आपण विरघळतो आणि फसवणाऱ्यांना ते कळतं. पैसे गेलेच तर त्याच घटकेला १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, कळवा, जितकं लवकर तितकी रक्कम अडवता यायची शक्यता जास्त.

पावसाळ्यात आई-बाबांना घेऊन एक दिवस कुठंतरी जायचंय. बाबांचे गुडघे दुखतात. आंबोलीला रविवारी गाड्यांची रांग लागते म्हणे. आणि अशा ठिकाणी पाण्याच्या बाटलीला जास्त पैसे घेतात ते बरोबर आहे का? (एक वाचक, हिंडलगा)

आंबोली सोडा मग, निदान सुट्टीच्या दिवशी तरी. गोकाकचा धबधबा बघा, बेळगावापासून साठेक किलोमीटर, घटप्रभा तिथं जवळजवळ ५२ मीटरवरून खाली पडते आणि जोराचा पाऊस झाला की पाणी तांबूस होऊन असं काही कोसळतं की बघत राहावं. आणि गंमत म्हणजे आंबोलीला उगम पावणारी हिरण्यकेशी आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर करत येऊन घटप्रभेलाच मिळते, म्हणजे आंबोलीचं पाणीच तुम्हाला इकडं भेटायला आलेलं असतं! इथं १८८७ साली पाण्यावर वीज तयार केलेली, देशातल्या अगदी सुरुवातीच्या प्रयत्नांपैकी एक, बाबांना अशा गोष्टींची आवड असेल तर जरूर सांगा. झुलत्या पुलावर सोडतात की नाही ते आधी विचारून घ्या. काठावर शेवाळं असतं, कठड्याच्या अलीकडूनच बघायचं, फोटोसाठी खडकावर उतरणाऱ्या पोरांना तर हात धरून मागं ओढा.

गर्दीच नको असेल तर हलशी. खानापूर तालुक्यात आहे, एकेकाळी कदंब राजघराण्याची दुसरी राजधानी होती, तेव्हाचं नाव पलाशिका. भूवराह नरसिंहाचं देऊळ बाराव्या शतकातलं, आत दोन गाभारे समोरासमोर आहेत, पावसात त्या काळ्या दगडाला जी झळाळी येते ती उन्हाळ्यात नाही दिसत. फार चालावं लागत नाही, बाबा आरामात फिरतील. वज्रपोहा वगैरे जंगलातले धबधबे वयस्कर माणसांना घेऊन नकोच, शिवाय तिथं वनखात्याची परवानगी लागते. जांबोटी कणकुंबीच्या बाजूला गेलात तर नकाशा घरूनच डाउनलोड करून ठेवा, जंगलात रेंज जाते.

आणि बाटलीचं, नाही, अजिबात बरोबर नाही. दुकानात किंवा टपरीवर छापलेल्या एमआरपीच्या वर एक रुपयाही घेता येत नाही (हॉटेलात बसून मागवलं तर गोष्ट वेगळी), 'कूलिंग चार्ज' म्हणून तर नाहीच, एमआरपीत सगळं आलेलं असतं. वैधमापन (वजनं-मापं तपासणाऱ्या) खात्याकडं तक्रार होते, १९१५ लाही होते. बाटलीचा, छापील किमतीचा आणि पेमेंटचा फोटो काढून ठेवा. टपरीवाल्या म्हाताऱ्या आजींशी दोन रुपयांवरून भांडायला मी सांगणार नाही, पण मोठं पार्किंग आणि बोर्ड लावून बसलेल्या दुकानदारांना जरूर विचारा.

आमचे आजोबा गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवायचे. ते गेले. ट्रंकेत कॅसेट सापडल्यात, सप्ताहातल्या भजनाच्या, त्यांचा आवाज पण आहे. आवाज दबलेला येतो. भाऊ म्हणतो टेपसमोर मोबाईल ठेव आणि रेकॉर्ड कर. असं केलं तर चालेल का? (एक वाचक, येळ्ळूर)

नका करू असं, थांबा जरा. हे पत्र वाचून मी सगळी कामं बाजूला ठेवली.

मोबाईल समोर ठेवला की पंख्याचा, रस्त्याचा, भांड्यांचा आवाज त्यात येतो आणि आजोबांची पेटी मागं राहते. आधी प्रत्येक कॅसेट उजेडात धरून टेपच्या कडेला पांढरी बुरशी आहे का बघा. असेल ती कॅसेट प्लेअरमध्ये घालूच नका, बुरशी प्लेअरच्या हेडला (टेप जिथं घासत जाते त्या भागाला) लागून बाकीच्या कॅसेटना पण लागते, ती जाणकाराकडं द्या. ज्या चांगल्या आहेत त्यांच्या वरच्या कडेच्या दोन्ही छोट्या प्लास्टिकच्या टिकल्या मोडून टाका, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं तरी आजोबा पुसले जाणार नाहीत. हे सगळ्यात आधी.

मग प्लेअरचं हेड कापसाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा, निम्मा दबलेला आवाज तिथंच मोकळा होतो. तरी दबलाच तर हेडच्या बाजूला एक बारीक स्क्रू असतो, टेप चालू ठेवून तो केसभर इकडं तिकडं फिरवला की टाळ एकदम लख्ख ऐकू यायला लागतात, पण हे टेप रिपेरी करणाऱ्या जुन्या माणसाकडून करून घेतलेलं बरं. कॅसेट एकदा पूर्ण पुढं आणि पूर्ण मागं फिरवून घ्या. हेडफोनच्या भोकातून वायर काढून कॉम्प्युटरच्या लाईन-इनला जोडा, नसेल तर छोटं यूएसबी साउंड कार्ड मिळतं, आणि ऑडॅसिटी म्हणून फुकट सॉफ्टवेअर आहे त्यात रेकॉर्ड करा, आवाजाची पट्टी लाल होऊ द्यायची नाही. वेव्ह फाईल ठेवा, तासाला साधारण ६०० एमबी जागा जाते, जाऊ दे. व्हॉट्सॲपवर पाठवायला वेगळी एमपी-थ्री करा, पण मूळ फाईलमधली खरखर काढायला जाऊ नका, खरखरीबरोबर पेटीचा श्वास पण निघून जातो.

मी एवढं पोटतिडकीनं सांगतेय त्याला कारण आहे. आपल्या जिल्ह्यात सुळेभावीला १९२४ मध्ये कुमार गंधर्व जन्मले, कागवाडला १९१७ मध्ये जन्मलेले पं. रामभाऊ विजापुरे बेळगावात राहून वर्षानुवर्षं पेटी शिकवत राहिले. त्यांच्यासारख्या मोठ्यांचं गाणं-वाजवणं रेकॉर्डवर आहे, शोधलं की सापडतं. तुमच्या गावच्या भजनाची चाल, गजर चढवायची ती पद्धत, मृदंगाचा तो ठेका मात्र त्या ट्रंकेतच आहे, दुसरीकडं कुठंही नाही.

म्हणून आवाज घेऊन झाला की लगेच मंडळातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाकडं जाऊन बसा, त्यांना ऐकवा आणि विचारा, टाळ कोण वाजवतंय, अभंग कुणाचा, सप्ताह कुठल्या साली कुठल्या देवळात, मधेच 'वा' कोण म्हणालं. ते सगळं एका वहीत लिहा आणि फाईलच्या नावात पण गाव, साल आणि अभंगाची पहिली ओळ घाला, नाहीतर वर्षभरात तुम्हालाच कळणार नाही कुठली कुठली. एक प्रत तुमच्याकडं, एक दुसऱ्या गावी राहणाऱ्या नातेवाइकाकडं, आणि एक पेनड्राईव्हवर मंडळाला द्या. मंडळातल्या नव्या पोरांनी त्या चाली परत बसवल्या तर आम्हाला कळवा, ऐकायला मी स्वतः येईन.