थंडीतलं बिल आणि आंघोळीची बादली

माणसं तीच, गीझर तोच, बादल्याही तेवढ्याच. मग डिसेंबर-जानेवारीत युनिट का वाढतात? मीटर तपासून घ्यावा का? (पाथर्डी फाटा)

मीटरवर इतक्यात संशय घेऊ नका. सकाळी नळाच्या पाण्यात हात घालून बघा. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी 28 अंशांवर असेल, तर 20 लिटरची बादली 40 अंशांपर्यंत न्यायला पाव युनिटहून थोडी जास्त वीज लागते. तेच पाणी जानेवारीत 15 अंशांवर आलं की त्याच बादलीला अर्ध्या युनिटहून जास्त. बादली तीच, वीज दुप्पट. शिवाय मे महिन्यात निम्मं घर गार पाण्यावरच भागवतं. पाच जणांच्या पाच बादल्या धरल्या, तर थंडीत महिन्याला 85-90 युनिट नुसत्या आंघोळीचे.

वर महावितरणचे टप्पे आहेतच: 100 पर्यंत एक दर, 101 ते 300 ला चढा, 500 पर्यंत आणखी चढा. चढा दर सगळ्या बिलाला लागतो हा गैरसमज. तो फक्त वरच्या युनिटना लागतो. पण एरवीचा वापर शंभराच्या आसपास असेल, तर थंडीत वाढलेले युनिट नेमके महागड्या टप्प्यात पडतात.

आजीसाठी हीटर घ्यायचाय. कमी वीज खाणारा कोणता? (पंचवटी, जुना वाडा)

दुकानदार काहीही सांगो, रॉडचा, ब्लोअरचा की तेलाचा, एका युनिटमधून ऊब सारखीच मिळते. 2000 वॅटचा हीटर आठ तास सलग चालला की 16 युनिट गेले. तेलाचा हीटर बंद केल्यावरही काही वेळ गरम राहतो, एवढंच. गरम-थंड दोन्ही करणारा एसी असेल, तर तो त्याच विजेत साधारण तिप्पट ऊब देतो. पण वाड्यात खरा खर्च हीटर नाही, उंच छत आणि दारं-खिडक्यांच्या फटी करतात. गरम हवा वर जाते, आजी खाली झोपलेली! आधी फटी बुजवा, लहान खोली निवडा. निजण्याआधी तासभर हीटर, मग बंद करून गोधडी.

द्राक्षाच्या छाटणीच्या काड्यांवर बंब पेटतो. सोलर घ्यावं का? (निफाड)

काड्या घरच्या, म्हणजे जळण फुकटच. निव्वळ बिलापोटी सोलर नको. धुराचा आणि पहाटे उठून बंब पेटवण्याचा कंटाळा आला असेल, तर जरूर घ्या. आपल्याकडे थंडीत आभाळ बहुधा निरभ्र असतं, त्यामुळे दिवसा पाणी चांगलं तापतं. फक्त टाकीपासून न्हाणीपर्यंतचा पाइप आखूड ठेवा आणि त्याला वेष्टण करा. नाहीतर पाइपातलं गार पाणी रोज सकाळी बादलीभर ओतावं लागेल.

गॅस गीझर स्वस्त पडतो ना? (सिडको)

पडतो, बऱ्याचदा. पण तो बंद न्हाणीघरात असेल, तर कार्बन मोनॉक्साइड साचतो. या वायूला ना रंग, ना वास. माणूस आतच बेशुद्ध होतो. गीझर बाहेर, मोकळ्या हवेत बसवून घ्या. तोवर पाणी स्वयंपाकघरात तापवा.