विम्याचे कायदे सोप्या भाषेत लिहिले तर पळवाटा वाढतील का?

मला तरी उलटंच वाटतं, गोलमोल वाक्यातच पळवाटा जास्त. ब्रिटनचं बघा, १९०६ च्या मरीन इन्शुरन्स (सागरी विमा) कायद्यात असं होतं की शहाण्या विमा कंपनीच्या निर्णयावर परिणाम होईल अशी प्रत्येक महत्त्वाची गोष्ट ग्राहकानेच आपणहून सांगायची, आणि कोर्टांनी हेच तत्त्व बाकीच्या विम्यालाही लावलं. आता कंपनी काय विचार करेल हे साध्या माणसाला कसं कळणार, पण सांगायचं राहिलं की पॉलिसीच रद्द! २०१२ च्या कायद्याने सामान्य ग्राहकापुरतं ते काढलं, विचारलेल्याची नीट काळजी घेऊन खरी उत्तरं द्या, बास.

भारतात १९३८ च्या विमा कायद्याचं कलम ४५ घ्या, कंपनी जीवन विमा पॉलिसीवर कधीपर्यंत आक्षेप घेऊ शकते ते यात आहे. आधी पॉलिसीला दोन वर्षं झाल्यानंतरही कंपनी फसवणुकीचा मुद्दा काढू शकायची आणि मग कोर्टात कीस पडायचा, २०१५ च्या दुरुस्तीने सरळ रेघ मारली, तीन वर्षं झाली की जीवन विमा पॉलिसीवर कुठल्याच कारणाने आक्षेप नाही. (वाक्यं अजून जडच आहेत, तो भाग वेगळा.)

मसुदा करताना व्याख्या एका जागी, एका शब्दाला एकच अर्थ, आणि 'कलम अमुकच्या अधीन राहून' ची साखळी तोडायची, निम्मा गोंधळ तिथेच असतो.