पहिले स्पॅनिश प्रजासत्ताक दोन वर्षेही का टिकले नाही?

थोडक्यात सांगायचे तर, राजा आमादेओ कंटाळून सिंहासन सोडून गेला म्हणून ११ फेब्रुवारी १८७३ रोजी संसदेने २५८ विरुद्ध ३२ मतांनी प्रजासत्ताक घोषित केले. पण त्या २५८ जणांतले बरेचसे मनाने राजेशाहीवादीच होते, आणि माझ्या मते खरी मेख तिथेच आहे.

जे खरे प्रजासत्ताकवादी होते त्यांच्यातही संघराज्य हवे की एकसंध राज्य, यावरून फाटाफूट होती. पहिले अध्यक्ष फिगेरास जूनमध्ये कोणालाही न सांगता रेल्वेने थेट फ्रान्सला निघून गेले. संघराज्याचे पुरस्कर्ते असलेले दुसरे अध्यक्ष पी इ मार्गाल यांच्या काळात राज्यघटना तयार होण्याची वाट न पाहताच कार्ताखेनासारख्या शहरांनी स्वतःला स्वायत्त ‘कँटन’ जाहीर केले. कार्ताखेना तर, नौदलाची जहाजे हाती असल्यामुळे, जानेवारी १८७४ पर्यंत झुंजत राहिले. तिसरे अध्यक्ष साल्मेरोन यांनी फाशीच्या हुकमांवर सही करण्याऐवजी पद सोडणे पत्करले. उत्तरेत कार्लिस्टांचे (राजघराण्याच्या दुसऱ्या शाखेच्या दावेदाराला गादीवर बसवू पाहणाऱ्यांचे) बंड आणि स्पेनच्या क्युबा वसाहतीतले स्वातंत्र्ययुद्ध चालूच होते, त्यामुळे चौथे अध्यक्ष कास्तेलार यांना सैन्याचाच आधार घ्यावा लागला.

३ जानेवारी १८७४ च्या पहाटे कास्तेलार संसदेत विश्वासमत हरले आणि नव्या अध्यक्षाची निवड चालू असतानाच जनरल पाव्हिया यांचे सैनिक इमारतीत शिरले. त्यानंतर वर्षभर जनरल सेर्रानो यांच्या हाती सत्ता असताना प्रजासत्ताक केवळ नावाला उरले होते, आणि २९ डिसेंबरला सागुंतो येथे जनरल मार्तीनेस काम्पोस यांनी पूर्वी पदच्युत झालेल्या राणी इसाबेलचा मुलगा आल्फोन्सो बारावा याला राजा घोषित केले.