पाच खोल्यांचं घर आणि शेजारचं कोठार

"शेती आली आणि लगेच राजा-प्रजा आली असं सगळे लिहितात, आपल्याकडे त्याचा पुरावा आहे का?" असं तुम्ही विचारलंय. आहे, पण त्यातला "लगेच" मला पटत नाही. तुर्कस्तानातल्या चातालहोयुकमध्ये हजारो माणसं हजार वर्षांहून जास्त काळ शेती करत दाटीवाटीने राहिली. तिथे घरं साधारण सारखीच, राजवाडा एकही नाही.

आता आपल्याकडचं इनामगाव बघा. शिरूर तालुका, घोड नदीचा काठ. डेक्कन कॉलेजच्या सांकळिया, ढवळीकर, अन्सारी यांनी १९६८पासून पंधराएक वर्षं तिथे उत्खनन केलं. इ.स.पू. १६००च्या आसपास वसलेलं हे शेतकऱ्यांचं गाव. मुख्य पीक जव, जोडीला मसूर, वाटाणा. पुढे जोर्वे या ग्रामसंस्कृतीच्या पहिल्या टप्प्यात (साधारण इ.स.पू. १४०० ते १०००) नदीचं पाणी वळवायला बांध आणि कालवा आला. बहुतेक घरं लहान, पण वस्तीच्या मध्यात पाच खोल्यांचं एक घर आणि त्याच्या शेजारी धान्याचं कोठार!

माझ्या मते सगळी मेख इथे आहे. नुसत्या पेरणीने कोणी मोठा होत नाही. कालवा खणायला अख्खं गाव लागतं, पाण्याच्या पाळ्या कोणीतरी ठरवाव्या लागतात आणि दुष्काळात कोठाराचं दार कोणाच्या हातात आहे याला किंमत येते. अवर्षणाच्या पट्ट्यात राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

दफनांतही फरक दिसतो. मेलेल्यांना घराच्या जमिनीखालीच पुरत. मुलांना दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यांत ठेवत, मोठ्यांचे पाय बहुधा घोट्यापासून तोडत. एका पुरुषाला मात्र चार पायांच्या मोठ्या मातीच्या रांजणात मांडी घातलेल्या स्थितीत बसवलेलं आहे, तेही पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात. एवढा मान इतरांच्या वाट्याला आलेला नाही.

आणि हा प्रवास एकाच दिशेने झाला असंही नाही. इ.स.पू. १०००नंतर चौकोनी घरांऐवजी लहान गोल झोपड्या येतात, शिकारीवरचा भर वाढतो. ढवळीकरांनी याचं कारण कोरडं होत गेलेलं हवामान असं दिलं. इ.स.पू. ७००च्या सुमारास वस्तीच उठली.

एक सावधगिरी मात्र बाळगा. इथे लेख नाहीत, नाणी नाहीत; अधिकाराचा अंदाज आपण घर, कोठार आणि रांजण यांवरूनच बांधतोय. म्हणून इनामगावाबद्दल लिहिताना "राजा" म्हणू नका, "गावप्रमुख" म्हणा. पुरावा तेवढंच सांगतो.