लायसन्स वाचलंस, आता सातबारा बघ

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद. तुझा लांबलचक मेसेज वाचला. ज्या डेटाबेससाठी तू शनिवार-रविवार खर्ची घालतेस, त्यामागची कंपनी एका बड्या कंपनीने विकत घेतली आणि तुमच्यात दोन तट पडले. एक म्हणतो, संपलं सगळं. दुसरा म्हणतो, लायसन्स ओपन सोर्स आहे, म्हणजे कोड सगळ्यांना खुला, आपलं कोण काय वाकडं करणार? तू सध्या दोघांचंही ऐकू नकोस. हे सगळं एकदा मायएसक्यूएल या ओपन सोर्स डेटाबेसच्या बाबतीत साग्रसंगीत होऊन गेलंय. ते नीट समजून घे, मग काय करायचं ते तुझं तूच ठरव.

लोक ही गोष्ट डेटाबेस विकणाऱ्या बड्या ओरॅकल कंपनीने सन मायक्रोसिस्टिम्स ही कंपनी घेतली तिथून, म्हणजे २००९ पासून सांगतात. खरी गोम २००५ मध्ये आहे. मायएसक्यूएलचे दोन थर असतात हे तुला माहीत आहे. वरचा थर क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, वाचतो, तिचा प्लॅन ठरवतो. खालचा थर, म्हणजे स्टोरेज इंजिन, डेटा डिस्कवर ठेवतो. मायएसक्यूएलचं घरचं इंजिन मायआयसॅम. ते वेगवान होतं, पण त्यात ट्रान्झॅक्शन (सगळे बदल एकत्र होणार, नाहीतर एकही नाही) नव्हतं आणि लिहिता लिहिता वीज गेली की टेबल दुरुस्त करत बसावं लागे. बँकेला, दुकानाला चालेल असं काम करायचं तर इनोडीबी लागायचं: ट्रान्झॅक्शन, रो लेव्हल लॉकिंग (अख्ख्या टेबलाऐवजी एकेका ओळीला कुलूप), फॉरेन की (टेबलांमधले दुवे जपणं), क्रॅशनंतर आपोआप सावरणं. ते लिहिलं होतं फिनलंडच्या हाइक्की टुरी यांनी आणि त्याची मालक होती त्यांची छोटी कंपनी, इनोबेस.

ऑक्टोबर २००५ मध्ये ओरॅकलने मायएसक्यूएलला हातही न लावता इनोबेस घेतली. घोषणेतच सांगून टाकलं की मायएसक्यूएलबरोबरचा करार पुढच्या वर्षी नूतनीकरणाला येतोय आणि आम्ही तो वाढवू असं आम्हाला वाटतं. वाढवलाही. पण दोरी कोणाच्या हातात आहे हे सगळ्यांना कळून चुकलं. फेब्रुवारी २००६ मध्ये स्लीपीकॅटही ओरॅकलकडे गेली. तिचं बर्कली डीबी म्हणजे मायएसक्यूएलमधलं ट्रान्झॅक्शनवालं दुसरं इंजिन. मग मायएसक्यूएलने फाल्कन नावाचं स्वतःचं इंजिन लिहायला घेतलं, ते कधी धड मार्गी लागलं नाही.

आता तू म्हणशील, इनोडीबी जीपीएल या ओपन सोर्स लायसन्सखाली होतं की, मग अडलं कुठे? अडलं धंद्यात. मायएसक्यूएलची कंपनी एकच कोड दोन लायसन्सखाली द्यायची. ज्यांना जीपीएल चालत होतं त्यांना फुकट, आणि ज्यांना आपल्या बंद सॉफ्टवेअरमध्ये मायएसक्यूएल घालून विकायचं होतं त्यांना पैसे घेऊन व्यावसायिक लायसन्स. असं लायसन्स विकायचं तर सगळ्या कोडचा कॉपीराइट तुमचा हवा, नाहीतर मालकाशी करार हवा. जीपीएलमुळे इनोडीबी जगाला वापरता येत होतं. ज्या कंपनीच्या जिवावर मायएसक्यूएल चालत होतं, तिला मात्र ते ओरॅकलच्या करारावाचून व्यावसायिक लायसन्सखाली विकता येत नव्हतं. जमीन घेताना आपण आधी सातबारा मागतो, कारण कसतो कोण आणि नावावर कोणाच्या आहे या दोन वेगळ्या गोष्टी असतात. इथेही तसंच आहे.

पुढचं तू कुठेही वाचशील. २००८ मध्ये सनने सुमारे १ अब्ज डॉलरला मायएसक्यूएल घेतली आणि एप्रिल २००९ मध्ये ओरॅकलने ७.४ अब्ज डॉलरला सन घेत असल्याचं जाहीर केलं. युरोपियन कमिशनने सखोल चौकशी लावली. मायएसक्यूएलचे एक जनक माँटी विडेनियस यांनी या सौद्याविरुद्ध सह्यांची मोहीम उघडली. डिसेंबरमध्ये ओरॅकलने मायएसक्यूएलबद्दल दहा आश्वासनं दिली, जानेवारी २०१० मध्ये मंजुरी मिळाली. आश्वासनांची मुदत पाच वर्षं. अशा मुदती कॅलेंडरवर लिहून ठेवायच्या असतात, कोणी ठेवत नाही.

आणि मायएसक्यूएल मेलं नाही. हे तुमच्यातल्या ‘संपलं’वाल्यांना सांग. ५.५, ५.६, ५.७, पुढे २०१८ मध्ये ८.० असे ते येत राहिले, आणि इंजिनियरिंग म्हणून बघितलं तर काम उत्तम होतं. इनोडीबीची आणि मायएसक्यूएलची माणसं प्रथमच एका छपराखाली आली होती, त्याचा फायदा दिसला. मी स्वतः ८.० कुरकुर न करता चालवलंय.

पण दारं हळूहळू लावली गेली. २०११ मध्ये थ्रेड पूल (एकाच वेळी येणारी खूप कनेक्शन्स सांभाळणारी सोय) आला तो फक्त पैसेवाल्या आवृत्तीत. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती २०१२ ची गोष्ट. बग दुरुस्त केला की त्याच्यासोबत एक छोटी टेस्ट फाइल लिहितात: असं टेबल बनव, अशा रो घाल, ही क्वेरी चालव. शेजारी दुसरी फाइल, त्यात अपेक्षित उत्तर. काय बिघडलं होतं आणि ते खरंच सुधारलं का, हे या जोडीवरून कळतं. ओरॅकलने दुरुस्त केलेल्या बगच्या नव्या टेस्ट उघड सोर्समध्ये देणं थांबवल्याचं लोकांच्या लक्षात आलं. कोड येत होता, टेस्ट येत नव्हत्या. ज्याला तो बदल जुन्या आवृत्तीत किंवा आपल्या फोर्कमध्ये (तोच कोड घेऊन वेगळ्या चालवलेल्या प्रकल्पात) न्यायचाय, त्याने अंदाजाने चाचपडायचं. यात जीपीएल कुठेही मोडत नाही. मॅन्युअलचंही तेच. ते जीपीएलखाली नव्हतंच, त्यामुळे मारियाडीबीवाल्यांना (हा माँटींनीच काढलेला मायएसक्यूएलचा फोर्क) आपलं दस्तऐवजीकरण नव्याने लिहावं लागलं. नाव तर सोबत नेण्याचा प्रश्नच नव्हता.

म्हणून ‘फार तर फोर्क करू’ हे वाक्य इतक्या सहज बोलू नकोस. मारियाडीबी टिकलं. विकिपीडिया २०१३ मध्ये त्यावर गेला, रेड हॅटने पुढच्या वर्षी आपल्या सातव्या आवृत्तीत तेच दिलं. पण त्याच नावाची कंपनी २०२२ च्या अखेरीस न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात उतरली, तिथे आपटली आणि २०२४ मध्ये केवन नावाच्या गुंतवणूक कंपनीने ती घेतली. फोर्क करणाऱ्यालाही पगार द्यावेच लागतात. तिथे २०१२ पासून एक वेगळं फाउंडेशन आहे, हाच काय तो आधार.

आता पोस्टग्रेस हा दुसरा ओपन सोर्स डेटाबेस बघ. त्याची एखादी जुनी सोर्स फाइल उघड. वरती कॉपीराइटच्या दोन ओळी दिसतील: एक पोस्टग्रेसक्यूएल ग्लोबल डेव्हलपमेंट ग्रुपची, दुसरी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रीजंट्सची. हा ‘ग्रुप’ नोंदणी झालेली कंपनी नाही. विकत घ्यायला समोर कोणी उभंच नाही. २००० च्या सुमारास ग्रेट ब्रिज नावाच्या कंपनीने तिथले मोठे डेव्हलपर नोकरीला ठेवले आणि २००१ मध्ये ती बंद पडली. त्यांतले टॉम लेन तिथून रेड हॅटला, पुढे सेल्सफोर्सला, मग क्रंची डेटाला गेले. २०२५ मध्ये क्रंची डेटा स्नोफ्लेकने घेतली. मालक बदलत गेले, लेन यांचे कमिट, म्हणजे कोडमधले बदल, येतच राहिले.

तरी तिथेही डोळ्यांत तेल घालून बसावं लागतं. एकाच कंपनीची माणसं कोअर टीममध्ये, म्हणजे प्रकल्पाच्या सुकाणू समितीत, निम्म्याहून जास्त नसावीत, असा त्यांचा अलिखित नियम. २०२० मध्ये एंटरप्राइझडीबीने (पुण्यात यांचं मोठं ऑफिस आहे, तुझ्या ओळखीचं कोणी ना कोणी असेलच) सेकंडक्वाड्रंट ही दुसरी पोस्टग्रेस कंपनी घेतली आणि एका रात्रीत हा नियम मोडला गेला. टीमने ते स्वतः जाहीर केलं आणि थोड्याच दिवसांत बाहेरचे दोन सदस्य घेऊन तोल सावरला. मला या प्रसंगाचं फार कौतुक वाटतं, कारण कोणी खलनायक नसताना, फक्त एका सौद्यामुळे तोल गेला होता. तुमच्या प्रकल्पात असं काही मोजणारं कोणी आहे का?

या आठवड्यात एवढं कर. गिट शॉर्टलॉग (कोणी किती बदल केले याची यादी) चालव, ईमेल पत्त्यांसकट, गेल्या वर्षभराचा. नव्या मालकाच्या पगारावर नसलेले किती उरतात ते बघ. दोघं-तिघंच असतील, तर लायसन्स कितीही उदार असो, काम त्या मालकाच्या मर्जीवर चालणार. मग ट्रेडमार्क कोणाच्या नावावर आहे ते शोध, आणि टेस्टची सगळी व्यवस्था उघड रिपॉझिटरीत आहे की कंपनीच्या आतल्या सर्व्हरवर, तेही. टेस्ट आत असतील तर ते मला सगळ्यात जास्त खटकेल.

नव्या मालकाने तुला नोकरी देऊ केली तर खुशाल घे. फुकट राबण्यात काही पुण्य नाही. फक्त मूळ प्रकल्पावरचं काम कामाच्या तासांत धरणार का, हे ईमेलवर लिहून घे. तोंडी ‘हो हो’ म्हणणारा मॅनेजर सहा महिन्यांत दुसऱ्या टीमला गेलेला असतो.

आणि थोड्याच दिवसांत तुम्हा सगळ्यांना नवा काँट्रिब्युटर करार (आपला कोड प्रकल्पाला देताना करायचा) येईल, बहुधा एका क्लिकवर सही होईल असा. त्यात कॉपीराइट त्यांच्या नावे करून मागितलाय की फक्त वापराची परवानगी, आणि पुढे कोणत्याही लायसन्सखाली देण्याचा हक्क त्यांनी राखून ठेवलाय का, ही दोन कलमं शोध. न सापडली तर सही न करता अख्खा करार मला पाठव. सोमवारी रात्री जेवणं उरकली की फोनवर बसून ओळीने वाचू.

कळावे, लोभ असावा.