वाट मोकळी होण्याआधी

प्रिय मुला,

तुझे पत्र सावकाश वाचले. नोकरी सुटली, वडिलांचे दुखणे बळावले आणि ज्या परीक्षेवर सारी भिस्त होती तिचा निकालही मनासारखा लागला नाही. एवढे सारे एकापाठोपाठ वाट्याला आल्यावर तू खचलास यात नवल नाही. मात्र पत्राच्या शेवटी तू जे लिहिलेस, ‘देवाने वाट मोकळी केली की मी पुढे पाऊल टाकीन,’ त्या वाक्यापाशी मी अडखळलो. आज त्याविषयीच लिहितो.

बायबलमधला एक प्रसंग आठव. इस्राएल लोक यार्देन नदीच्या काठी पोहोचले तेव्हा कापणीचा हंगाम होता, आणि त्या दिवसांत ती नदी दुथडी भरून वाहत असे. त्यांचा पुढारी मोशे याच्या मृत्यूला फार काळ लोटला नव्हता, धुरा नुकतीच यहोशवाच्या खांद्यावर आली होती, आणि मुलाबाळांसह सारे लोक पैलतीराकडे पाहत उभे होते. अशा वेळी कराराचा कोश, म्हणजे देवाच्या आज्ञांच्या पाट्या ठेवलेली पवित्र पेटी, वाहणाऱ्या याजकांना, म्हणजे पुरोहितांना, पाण्यात उतरून उभे राहण्याची आज्ञा झाली. त्यांचे पाय काठच्या पाण्यात बुडेपर्यंत नदी जशी वाहत होती तशीच वाहत राहिली. मग पाणी अडले. पण ते अडले वरच्या अंगाला, दूर आदाम नावाच्या नगरापाशी. हा तपशील मला फार मोलाचा वाटतो, कारण तिथे काय घडते आहे हे काठावरच्या माणसांना दिसणे शक्यच नव्हते. त्यांच्यापुढे होती भरलेली नदी, आणि हाती होते फक्त पुढचे पाऊल.

त्या प्रसंगातली आणखी एक गोष्ट तू ध्यानात घ्यावीस असे मला मनापासून वाटते. वाट मिळताच याजक घाईने पैलतीर गाठून मोकळे झाले नाहीत; सगळे लोक पार होईपर्यंत ते पात्राच्या मधोमध कोरड्या जमिनीवर उभे राहिले. आज वडिलांच्या उशाशी जागणारा तू आपण मागे पडलो असे समजतोस, पण तुझ्या तिथे उभे राहण्याने घरातल्या कुणाकुणाला आधार मिळतो आहे, याचा हिशेब तुझ्यापाशी नाही.

तुझा विश्वास कमी पडला म्हणून हे भोगावे लागते आहे, असे कुणी तुला सांगितल्याचे तू लिहितोस. हे मला मुळीच मान्य नाही. शरीरातला काटा, म्हणजे सतत सलणारा त्रास, दूर व्हावा म्हणून प्रेषित पौलाने प्रभूला तीनदा विनवले. काटा तसाच राहिला, कृपा पुरेशी असल्याचे उत्तर मिळाले, आणि पौलाची सेवा थांबली नाही. पंडिता रमाबाईंचे उदाहरण तर आपल्या अगदी जवळचे. दुष्काळात आईवडील गेले, पुढे भाऊ गेला, १८८२ साली पती गेले, आणि जिच्यावर काम सोपवायचे ती एकुलती एक लेक मनोरमा १९२१ साली गेली. तरीही आयुष्याच्या अखेरच्या दिवसांपर्यंत, म्हणजे एप्रिल १९२२पर्यंत, त्या हाती घेतलेल्या बायबलच्या मराठी भाषांतराला वाहिलेल्या होत्या. त्यांच्या विश्वासाला उणा म्हणायला कोण धजेल?

भरवसा ठेवायचा म्हणून मन मारून हसतमुख राहण्याची गरज नाही. प्रार्थनेत रडू आले तर रड, राग आला तर तोही देवापुढे मांड. त्याच्यापासून लपवण्यासारखे काहीच नसते. रात्र रात्र झोप लागत नाही असे तू ओझरते लिहिले आहेस, त्यासाठी डॉक्टरांकडे जा. उपचार घेतल्याने श्रद्धेला बाध येत नाही.

आणि तो अर्ज, जो भरून ठेवूनही ‘आता काय उपयोग’ म्हणून तू पाठवलेला नाहीस, तो सोमवारी पाठव. वडिलांपाशी दोन तास बसायला कुणी येईल का, हे चर्चच्या मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना स्पष्ट शब्दांत विचार. मागायला संकोच करू नकोस. अर्जाचे पुढे काय झाले ते मला इतक्यात कळवले नाहीस तरी चालेल, पण तो पाठवलास एवढे मात्र कळव. सोमवारी सकाळी मी तुझ्यासाठी प्रार्थनेला बसेन.

तुझा हितचिंतक