पट्टा उतरतो, गाडी तापते: आखूड पंप, लांब पंप आणि पुल्यांचा मेळ

प्रश्न थोडक्यात असा. १९६६ ची शेव्हरोले शेव्हेल आहे. मूळचे २८३ घन इंची इंजिन जाऊन तिथे १९७० च्या दशकातले ३५० घन इंची स्मॉल ब्लॉक (शेव्हरोलेचे लहान आकाराचे व्ही-८ इंजिन) बसवले आहे. त्याच्यासोबत आलेल्या लांब वॉटर पंपामुळे पंखा रेडिएटरच्या जाळीला टेकायला आला, म्हणून जुना आखूड पंप लावला. क्रँकची पुली नव्या इंजिनाचीच ठेवली. पंपाची पुली तिसऱ्याच गाडीची आहे आणि ती वॉशर घालून पुढे घेतली आहे. आता पट्टा चिरचिरतो, तीन हजार आरपीएमच्या आसपास उतरतो आणि गाडी उभी असताना तापमानाचा काटा चढत राहतो.

नवा पट्टा आणून हे सुटणार नाही. पट्टा दोन वेगवेगळ्या संचांच्या मधे अडकला आहे. शेव्हरोलेने स्मॉल ब्लॉकच्या प्रवासी गाड्यांना १९६८ पर्यंत आखूड पंप दिला आणि १९६९ पासून लांब. ब्लॉकला टेकणाऱ्या तोंडापासून हबच्या (पुली आणि पंखा जिच्यावर बसतात त्या चकतीच्या) तोंडापर्यंत आखूड पंप साधारण ५ ५/८ इंच भरतो, तर लांब पंप ६ १५/१६ इंच. म्हणजे ३३ मिमीचा फरक. त्याबरोबर क्रँक पुलीची खोली, पंप पुलीची खोली आणि ब्रॅकेट असे सगळेच बदलले, अल्टरनेटर तर डावीकडून उजवीकडे गेला. त्यामुळे या इंजिनात 'पंप जुना, बाकी नवे' असा मधला मार्ग नसतो. इंजिन आणि रेडिएटर यांच्यामधे जागा कमी असल्याने तुम्हाला आखूड पंपच लागणार, हे ठीक. पण मग क्रँक पुली, पंप पुली, अल्टरनेटरचे ब्रॅकेट आणि पंख्याचा स्पेसर हे सगळे १९६८ पर्यंतच्या आखूड पंपाच्या संचातलेच घ्या. जुन्या ब्रॅकेटचा आधार एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर असतो. नव्या इंजिनाच्या मॅनिफोल्डवर ती जागा आहे का, हे खरेदीआधी पाहा.

संच पूर्ण मिळाला नाही तर मोजून जुळवावे लागेल. सुरुवात कुठून करायची हे आधी ठरवा, नाहीतर एक पुली सरकवली की दुसरी चुकते आणि दिवसभर तेच चालते. क्रँकची पुली सहज हलत नाही आणि पंपाची हबही जागेवरून हलवायची नसते. या दोन जागा कायम धरा. अल्टरनेटर शेवटी, कारण तो ब्रॅकेटवर पुढे-मागे घेता येतो.

पातळी कशी मोजायची

पट्टा काढा. क्रँक पुलीच्या खाचेत आणि पंप पुलीच्या खाचेत सारख्याच व्यासाचा गोल गज ठेवा. ड्रिलचा मागचा गुळगुळीत भागही चालतो. गज खाचेच्या दोन्ही भिंतींना टेकला पाहिजे, तळाला नाही. आता ब्लॉकच्या एकाच सपाट तोंडापासून दोन्ही गजांच्या मध्यापर्यंतचे अंतर व्हर्नियरने मोजा. नुसती पट्टी पुल्यांच्या कडांवर टेकवून पाहिली तर फसगत होते, कारण दोन पुल्यांच्या कडांची जाडी सारखी असेलच असे नाही. मेळ खाचेच्या मध्याचा हवा, कडेचा नव्हे.

दोन पुल्यांमध्ये ३०० मिमी अंतर असेल तर दीड मिमीपर्यंतचा फरक चालून जातो. एक मिमीच्या आत आणलात तर उत्तम. तीन मिमी, म्हणजे सूतभर फरक असला तर पट्टा कडेने घासत काजळी सोडतो. पाच-सहा मिमी असला तर वेग वाढताच पट्ट्याची सैल बाजू डोलायला लागते, पट्टा खाचेची भिंत चढतो आणि उतरतो. तुमच्याकडे नेमके हेच होत असणार.

ते वॉशर आजच काढा. बोल्टाखाली रचलेल्या वॉशरवर पुली चार ठिकाणीच टेकते, मधल्या गोल खांद्यावर बसत नाही. मग ती केंद्रापासून सरकते आणि पंखा तोल सोडून फिरतो. पंपाचे बेअरिंग आधी जाते, आणि त्यामागोमाग सील. पुली पुढे घ्यायचीच असेल तर टर्नरकडून एका तुकड्यातली चकती करून घ्या. दोन्ही तोंडे समांतर, मधे हबच्या खांद्यावर बसणारे भोक आणि पुढे पुली केंद्रात धरणारा खांदा, असे तिचे रूप हवे. या पंपांमध्ये मधली शाफ्ट साधारण ५/८ इंचाची असते, तर हेवी ड्यूटी पंपात ३/४ इंचाची. मोठ्या भोकाची पुली बारीक शाफ्टवर बसवली तर ती फक्त बोल्टांच्या भरवशावर राहते. मधे अचूक कडी घालणे हाच त्याला उपाय.

चकती घातली की बोल्टही तेवढेच लांब हवेत. हबमध्ये निदान बोल्टाच्या व्यासाइतके आटे धरले पाहिजेत, म्हणजे ५/१६ इंची बोल्टाला आठ मिमी. फार लांब बोल्टही नको, तो मागे निघून पंपाच्या अंगावर घासतो.

हब दाबून मागे-पुढे सरकवायचा मोह होतो. ते करायचेच झाले तर प्रेसवर, आणि शाफ्टला मागून आधार देऊन करा. आधार नसेल तर सगळा दाब बेअरिंगमधून जातो. शिवाय शाफ्ट सरकली की आतली पाती पंपाच्या अंगापासून लांब जातात किंवा त्यावर घासतात. हे अंतर बहुतेक जुन्या पंपांत अर्धा ते एक मिमी असते. पातीवर प्लास्टिसिनची गोळी चिकटवून पंप बंद करा, उघडा आणि चपटलेल्या गोळीची जाडी मोजा. अंतर दोन-तीन मिमी झाले असेल तर पंप फिरत राहील, पण मंद वेगात पाणी पुढे ढकलणार नाही.

खाच

पुल्या एका रेषेत असूनही पट्टा ओरडत असेल तर खाच पाहा. पट्टा खाचेच्या तळावर नव्हे, दोन्ही भिंतींमध्ये पाचरीसारखा रुतून ओढतो. सरळ असताना पट्ट्याच्या बाजूंचा कोन साधारण ४० अंशांचा असतो. पुलीवर वाकला की आतली बाजू फुगते आणि हा कोन कमी होतो. म्हणूनच पुलीची खाच ३४ ते ३८ अंशांची असते आणि पुली लहान तसा कोन लहान. १३ मिमीच्या खाचेत १० मिमीचा पट्टा घातला तर तो तळाला जाऊन बसतो. मग तो कितीही ताणा, घसरणारच, आणि ताणापायी पंपाचे बेअरिंग जाईल. उलट १० मिमीच्या खाचेत १३ चा पट्टा वरच्या वर राहतो आणि कडेवरून उडतो. नीट बसलेल्या पट्ट्याची पाठ पुलीच्या कडेशी समतल किंवा किंचित वर दिसते.

तपासायची एक साधी रीत आहे. तिन्ही पुल्यांच्या खाचांना आतून निळा मार्कर फासा, पट्टा चढवा, इंजिन पाच मिनिटे चालवा आणि पट्टा उतरवून टॉर्चच्या उजेडात पाहा. दोन्ही भिंतींवरची शाई सारखी पुसली गेली आणि तळाची तशीच राहिली तर जुळणी बरोबर. एकाच भिंतीची शाई गेली असेल तर पातळी चुकली आहे. तळ चकाकत असेल तर पट्टा अरुंद आहे किंवा खाच झिजून रुंद झाली आहे. पत्र्याच्या पुलीवर शाईचा पट्टा कुठे जाड, कुठे बारीक उमटला तर पुली वाकडी आहे. अशी पुली सरळ करत बसू नका. बहुतेक वेळा ती कडेला पुलर लावून ओढल्याने वाकलेली असते आणि ठोकून पुन्हा खरी होत नाही.

फेऱ्यांचे गणित

उभ्या गाडीत काटा चढतो त्याचा संबंध इथे आहे. या इंजिनात पंखा पंपाच्याच हबवर असतो. त्यामुळे पुलीचा व्यास बदलला की पाणी आणि हवा, दोन्ही बदलतात. समजा क्रँक पुली १७० मिमी आणि पंप पुली १८० मिमी आहे. ६५० आरपीएमच्या आयडलला (उभ्या गाडीतल्या मंद वेगाला) पंखा मिनिटाला ६१४ फेरे करील. पंप पुली १५५ मिमीची लावली तर तोच पंखा ७१३ फेरे करील, म्हणजे १६ टक्के जास्त. एअर कंडिशनर असलेल्या गाड्यांना सहसा असाच वेगवान पंप दिलेला असे. मात्र पंख्याला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. १६ टक्के जास्त वेगाला दीडपटीहून जास्त ताकद लागते आणि तो सगळा भार पट्ट्यावर येतो. शिवाय खूप वेगात पंपाच्या पात्यांमागे वाफेचे बुडबुडे होऊन पाणी ढकलणे घटते आणि पाती खाल्ली जातात. म्हणून लहान पुली म्हणजे थंड इंजिन, असे समीकरण मांडू नका. रोजच्या वापराच्या गाडीला क्रँकच्या एका फेऱ्यामागे पंपाचा ०.९५ ते १.१ फेरा पुरतो.

व्यास पट्टीने मोजण्यापेक्षा फेरे मोजा. स्पार्क प्लग काढा, दोन्ही पुल्यांवर खडूची खूण करा, क्रँक हाताने बरोबर दहा फेरे फिरवा आणि पंपाचे फेरे मोजा. दहाला साडेनऊ आले तर ०.९५. पट्टा खाचेत किती खोल बसला आहे तेही या मोजणीत आपोआप धरले जाते.

पंखा, थर्मोस्टॅट, झाकण

आधी ताप कधी येतो ते नीट बघा. उभ्या गाडीत तापते आणि पळताना उतरते तर हवा कमी पडते आहे: पंखा, श्राउड (पंख्याभोवतीचे कडे), अंतर. पळताना तापते तर पाणी कमी पडते आहे: रेडिएटरच्या नळ्या, खालचा होज, पंप. तुमची तक्रार पहिल्या प्रकारातली आहे.

लांब पंप काढून आखूड लावला म्हणजे पंखा ३३ मिमी मागे गेला. अंतर फार वाढले असेल आणि श्राउड नसेल तर पंखा जाळीतून हवा न ओढता स्वतःभोवतीच घुमवत राहतो. पंखा आणि जाळी यांत २५ ते ४० मिमी ठेवा. २५ च्या खाली जाऊ नका, कारण ब्रेक लावल्यावर इंजिन रबरी माउंटवर पुढे झुकते. श्राउड असेल तर पात्याची अर्धी रुंदी आत, अर्धी बाहेर. टोक आणि श्राउड यांत सगळीकडे १२ ते २५ मिमी. हे अंतर पुलीच्या चकतीने नव्हे, पुली आणि पंखा यांच्या मधल्या स्पेसरने जुळवायचे. पंख्याच्या रिव्हेटांभोवती तडा दिसला तर तो पंखा फेकून द्या. वेल्डिंग करून पुन्हा लावू नका, सुटलेले पाते बॉनेट फाडून बाहेर येते.

थर्मोस्टॅट ८२ अंशांचा ठेवा, बारीक हवेचे भोक वरच्या बाजूला. थर्मोस्टॅट काढून टाकणे हा उपाय नाही, त्याने मूळ दुखणे झाकले जाते. आखूड पंप दुसऱ्या काळातला असल्याने पंपाचे पॅकिंग, पंपाचे तोंड आणि ब्लॉकचे तोंड एकमेकांवर धरून प्रत्येक भोक भोकासमोर येते का ते पाहा.

रेडिएटरच्या झाकणाचा दाब जितका, तितका उकळबिंदू वर जातो. ७ पीएसआयला साधे पाणी साधारण १११ अंशांवर उकळते, १५ ला १२१ वर. पण आकडा जुळला तरी खोली जुळली पाहिजे. रेडिएटरच्या गळ्याची खोली साधारण १९ किंवा २५ मिमी असते. खोल गळ्यावर आखूड झाकण बसवले तर ते खालच्या बैठकीला टेकतच नाही, दाब धरत नाही, आणि पाणी गुपचूप ओव्हरफ्लोच्या नळीने निघून जाते.

टायमिंगची खूण

इतके जुळवूनही गाडी तापली तर डॅम्पर (क्रँकच्या पुढच्या टोकावरचे, रबर घातलेले, कंप शोषणारे चाक) पाहा. १९६९ ला स्मॉल ब्लॉकच्या डॅम्परवरची शून्याची रेघ चावीच्या खाचेपासून सुमारे ८ अंश सरकली. डॅम्पर एका काळातला आणि टाइमिंगचा (अंशांच्या खुणांचा) पत्रा दुसऱ्या काळातला असेल तर टाइमिंग लाइटने १० अंश दिसतील, खरे २ असू शकतील. ठिणगी उशिरा पडली की उष्णता एक्झॉस्टमध्ये आणि हेडमध्ये जाते आणि आयडलला गाडी तापते. रबर सैल होऊन डॅम्परची बाहेरची कडी सरकली तरी हाच घोटाळा होतो. बॅटरी काढा, पहिल्या सिलिंडरच्या प्लगच्या जागी पिस्टन स्टॉप (पिस्टनला अडवणारा बोल्ट) लावा, क्रँक हाताने एका दिशेने टेकेपर्यंत फिरवून खूण करा, मग उलट दिशेने फिरवून दुसरी खूण करा. दोन खुणांच्या बरोबर मधे खरे शून्य. तिथे नवी रेघ मारा.

तुमचे इंजिन ३५० आहे हे ब्लॉकवरच्या नंबरावरून नक्की करा. ४०० स्मॉल ब्लॉक निघाले तर त्याच्या तोलाचा काही भाग डॅम्परमध्ये आणि फ्लायव्हीलमध्ये असतो, आणि तिथे २८३ चा किंवा ३५० चा डॅम्पर लावून इंजिन चालवणे म्हणजे मेन बेअरिंगे खराब करणे.

सगळे बसल्यावर पट्टा इतकाच ताणा की सर्वांत लांब भागाच्या मध्यावर अंगठ्याने चांगले दाबल्यावर तो १२ मिमीच्या आसपास दबेल. नवा पट्टा पहिल्या अर्ध्या तासात खाचेत बसतो आणि सैल पडतो, तेव्हा इंजिन थंड झाल्यावर पुन्हा एकदा ताण पाहा. आवाज अजून येत असेल तर चालू इंजिनात लांबून पट्ट्यावर पाण्याचा बारीक फवारा मारा. चिवचिव क्षणभर थांबली तर पातळी अजून चुकलेली आहे, किंकाळी वाढली तर ताण कमी आहे. फवारा मारताना बाही आणि हात पंख्यापासून दूर ठेवा.